सवीची पाठ

१३ जून ९३, रविवार

रात्रपाळी करून घरी आलो तर ओट्यावर माणूस बसलेला. तळ्यावरचा मासे धरणारा. जाळं ओढता ओढता कमरेत उसण भरली म्हणं. धड उभं राहता येईना, धड बसता येईना. मला चहाबी पिऊ दिला न्हाई. पाय धुतले, त्याला पालथा पाडला, उजवा पाय तीनदा पाठीवरून उतरवला. उठला, म्हणला, "उतरली बघा आप्पा." उतरते. दोन दिवसांत आपोआपबी उतरली असती, पण आता त्याला ते कशाला सांगा.

मी पायाळू. मायच्या पोटातून आधी पाय बाहेर आले. माय म्हणते, उलटं कोकरू ओढून काढावं तसं तुला काढलं. त्यात माझं कर्तृत्व काय, पण आजूबाजूच्या गावांतल्या कमरा माझ्याच दारात. पाळीतला जोडीदार वाघमारे म्हणतो, पायाळूवर वीज पडते म्हणतेत अन् ह्या गड्यानं नोकरी धरली ती धरणाच्या पावरहाऊसातच.

मासेवाला गेल्यावर सवीची आई म्हणली, जगाच्या पाठी बघता, पोरीची बी बघा जरा. न्हाऊ घालताना दिसलं, एका बाजूचा खांद्यामागचा खवाटा वर आल्यागत वाटायलाय. तेरा वर्षांची पोरगी, बापानं तिची पाठ काय बघायची. विचारलं, दुखतंय का गं? न्हाई म्हणली. चादर टाकून पाय फिरवला. गुदगुल्या झाल्या, हसत सुटली. तिची आई चिडली, हसल्यावर गुण येत न्हाई म्हणं.

१८ जून

शाळा सुरू. सवी आठवीत, आता रोज एसटीनं जिंतूरला. नवा स्कर्ट एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली. सवीची आई जिंतूरच्या टेलरशी भांडून आली. तो म्हणे, बाई, कपडा सरळ हाय, पोरगी सरळ उभी करा. ह्याला म्हणतेत नाचता येईना अंगण वाकडं. दुसरा टेलर बघावा.

२७ जून, रविवार

तिसऱ्या रविवारी पाय फिरवला. दुखत न्हाई म्हणते. दुखत न्हाई म्हणजे काही न्हाई, असं मी म्हणलं. सवीची आई भांडी घेऊन आत गेली.

दुपारी सवी अंगण झाडत होती. ओणवी. पाठ माझ्याकडं. सवीची आई आतून म्हणली, आता बघा. बघितलं. पाठीची उजवी बाजू वर उचललेली, डावी सपाट. मधला कणा सरळ न्हाईच. सवी झाडत झाडत कोपऱ्यापर्यंत गेली, तिला काही पत्ता न्हाई. उभी राहिली की पुन्हा कळून येत न्हाई, नुसता एक खांदा जरासा खाली.

हे कवापासून? रोज माझ्यासमोर झाडते ही पोरगी.

जेवण गेलं न्हाई.

५ जुलै

जिंतूरचे डॉक्टर. वाढीचं वय हाय, पोक काढून बसते, सरळ बस म्हणावं. ताकदीचं औषध दिलं. फळीवर झोपवा म्हणले. स्टोअरातून एक फळी आणली. तिच्यावर झोपून पोरीचं अंग आंबलं, पाठ होती तशीच.

घरात दिवसभर एकच चाललंय, "सवे, सरळ बस." मी म्हणतो, तिची आई म्हणते. पोरगी म्हणली, सरळच बसलेय की. अन् खरंच तिच्या हिशेबानं ती सरळच बसलेली असते.

१९ जुलै

रजा टाकून परभणी. तिघंबी. पाठीचा फोटो काढला. डॉक्टरनं तो काचेवर लावला, मागं दिवा. आपल्याच लेकराची हाडं अशी दिव्यावर बघायची. वरचा कणा उजवीकडं गेलेला, खाली येऊन डावीकडं.

डॉक्टर मान खाली घालून लिहीत होता, लिहिता लिहिता विचारलं, "पाळी कधी सुरू झाली?"

म्हणलं, "आजपासूनच, साहेब. दुपारची. पण रजा टाकून आलोय."

नर्सनं तोंडावर पदर धरला. सवीची मान छातीला टेकली. डॉक्टर म्हणला, अहो तुमची नाही, मुलीची. मी भिंतीकडं बघितलं. सवीची आई म्हणली, अजून न्हाई. डॉक्टरनं ते लिहून घेतलं अन् म्हणला, म्हणजे वाढ पुष्कळ शिल्लक आहे, उशीर करू नका, औरंगाबादला जा. वाढ शिल्लक हाय ही वाईट गोष्ट कशी, ते काही कळलं न्हाई.

परतीच्या गाडीत सवीची आई हसाय लागली. "आजपासूनच, दुपारची." बोरी येईपर्यंत हसली. जिंतूर आलं तवा रडत होती. सवी खिडकीकडं तोंड करून बसलेली.

१ ऑगस्ट, रविवार

गावाकडं जाऊन आलो. माझी माय, भाऊ, भावकी, सगळ्यांनी पाठ बघून घेतली. पोरगी बिचारी ओणवी होऊ होऊ बेजार.

जो तो कारण सांगायलाय. एकाच कमरेवर घागर घेते म्हणून. दप्तर एकाच खांद्याला म्हणून. कुशीवर झोपते म्हणून. पोटात असताना गिऱ्हाण पाळलं न्हाई म्हणून. मायनं तर कडी केली. ती सवीच्या आईला म्हणली, बाप उलटा आला, त्याचं कुठंतरी निघायचंच.

सवीची आई गाडीत बसल्यावर म्हणली, "खरं असंल का हो ते?"

मी वसकलो तिच्यावर. मंग वाटलं, हिनं विचारलं तर खरं, मी तेवढंबी धाडस केलं न्हाई. मी कुणाचं काय वाकडं केलंय? हे बी बघा, तोंडात दुसरा शब्दच येत न्हाई. कुणाचं वाकडं केलं, वाकड्यात शिरला, तोंड वाकडं केलं. दिवसभरात हा शब्द किती येतो हे आता कळायलंय. घरात कुणी म्हणलं की तिघंबी एकदम गप होतो.

१२ ऑगस्ट

शाळेत कवायतीच्या बाईंनी रांगेतून बाहेर काढलं. रांग वाकडी दिसते म्हणल्या. बाई वाईट न्हाईत, सहज बोलून गेल्या. सवीनं घरी सांगितलं न्हाई, शेजारच्या पोरीकडून कळलं. घागर आता मी भरतो. पावरहाऊसच्या कॉलनीतले हसतेत. हसू द्या.

१४ सप्टेंबर

औरंगाबाद, मोठा दवाखाना. पहाटेच निघालो, मंठा-जालना करत. नंबर दुपारी आला. तरुण डॉक्टरीण बाई. सवीशी नीट बोलल्या, नाव विचारलं, शाळा विचारली. पाय जोडून, हात लोंबते सोडून ओणवी व्हायला लावलं, मागून बघितलं. म्हणजे अंगण झाडताना आमी बघितलं तेच. पट्टीनं फोटोवर रेघा मारल्या. बत्तीस अंश.

बाईंनी जे सांगितलं ते ध्यानात राहावं म्हणून लिहून ठेवतो. कणा नुसता बाजूला झुकत न्हाई, दोरीला पडावा तसा पीळबी पडतो. त्या पिळानं फासळ्या मागं ढकलल्या जातेत, म्हणून पाठ एका बाजूनं उचलते. पोरींत जास्त. वयात येताना झपाट्यानं वाढतं, हाडांची वाढ थांबली की बहुतेकांचं थांबतं. सहसा दुखत न्हाई, म्हणून घरच्यांना उशिरा कळतं. लय वाढलं तर पुढं छाती दबते, दम लागतो.

मी विचारलं, कशानं झालं? घागर? दप्तर?

"कशानंच नाही," बाई म्हणल्या. "कारण माहीत नाही. कुणाला नाही. तुमची कुणाचीच चूक नाही यात."

सवीच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला मोकळं वाटलं. मला न्हाई. कारण न्हाई म्हणजे काय? आमच्याकडं मशीन बंद पडलं की आधी कारण लिहावं लागतं, मगच पुढचं. कारण सापडेस्तोवर साहेब घरी जाऊ देत न्हाई. अन् इथं पोरीचा कणा पिळवटायलाय अन् कारण न्हाई. घागर म्हणल्या असत्या तर घागर फोडून टाकली असती.

पट्टा घालायचा म्हणल्या. हनुवटीपासून कमरेपर्यंत. दिवसरात्र. त्यानं सरळ होत न्हाई, वाढायचं थांबतं, तेबी झालं तर. माप घ्यायला ६ ऑक्टोबरला बोलावलं.

उसणीचं विचारलं. म्हणलं, मी पायाळू हाय, पाय फिरवला तर चालतो का? हसल्या न्हाईत. इतकंच म्हणल्या, याला नका फिरवू.

३० सप्टेंबर

काल गणपती बुडवले. आज पहाटे भूकंप. फळीवरची भांडी खाली आली, सवी "आप्पा" म्हणून उठून बसली. ड्यूटीवरचे सगळे धरणाकडं पळाले. भिंत बघितली, गळती बघितली, सगळं ठीक. रेडिओवर सांगायलेत, लातूर-उस्मानाबादकडं गावंच्या गावं गेली. दगडाच्या घरांखाली माणसं झोपेतच.

कॉलनीत कुणी चूल पेटवली न्हाई. मी बी दिवसभर सवीच्या पाठीचा विचार केला न्हाई. संध्याकाळी आठवण आली तवा लाज वाटली. विसरल्याची का आठवल्याची, ते सांगता येत न्हाई.

६ ऑक्टोबर

जावं का न जावं. सवीची आई म्हणली तारीख दिलीय. गेलो.

हाडाचे डॉक्टर सगळे तिकडं गेलेले. डॉक्टरीण बाईबी. व्हरांड्यात खाटा, खाटांच्या मधी सतरंज्या. तिकडून आणलेली माणसं. एक बाई पालथी पडलेली, पाठीवर तुळई पडली होती म्हणं. कमरेखाली काही लागत न्हाई तिला. "माझी लेकरं कुठंत" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती. आमालाबी विचारलं.

कारकून म्हणला, बसा, कुणीतरी येईल. सवीची आई त्या बाईकडं बघत उभी राहिली. मंग माझा सदरा धरला.

"चला. आपली चालतीया."

कारकुनाला नवी तारीखबी विचारली न्हाई. तीन पायऱ्या उतरलो अन् मी परत वर गेलो, विचारायला. कारकून म्हणला दिवाळीनंतर या. त्या बाईच्या पुढून दोनदा जावं लागलं.

२१ ऑक्टोबर

आज मोठं भांडण झालं. नवरात्र चाललंय, सवीची आई उपास करते, नेहमीचंच हाय. पण सवीलाबी उपास. पहिल्या माळेपासून. मी म्हणलं शाळेच्या पोरीला कशाला, हौस असंल तर एखादा दिवस करू दे. मंग ध्यानात आलं, दूधबी बंद हाय. गवळ्याला सांगून कमी केलेलं. अंडी तर महिनाभर घरात न्हाईत. सवीचा चेहरा उतरलेला मला दिसत होता, मी ते पाठीच्या खात्यात धरलं होतं.

विचारलं तर म्हणली, "तुमीच लिहून आणलं न्हाई का, वाढती तंवर वाकत जाणार. मंग कमी वाढू द्या. बुटकी राहिली तरी चालंल."

मी हातातलं ताट ठेवून दिलं. म्हणलं असं नसतंय गं. तर कसं असतंय, म्हणली. मला तरी कुठं ठाऊक हाय कसं असतंय. कुठल्या आईनं असं केलं असंल? लेकरू चवड्यावर उभं राहून फळीवरचा डबा काढायलं, की आईबाप कौतुक करतेत. आमाला भ्या वाटतं.

संध्याकाळी गवळ्याकडं जाऊन दूध चालू केलं. सवीनं पेला तोंडाला लावला अन् आईकडं बघितलं, पिऊ का म्हणून. आई उठून आत गेली.

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. काल पट्ट्याचं माप देऊन आलो. डॉक्टरीण बाई परत आल्यात, वाळलेल्या दिसल्या. सवीच्या अंगाभोवती ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला. वाळेस्तोवर हलायचं न्हाई. हलली न्हाई. कारागीर म्हणला गुणाची पोरगी हाय. गुणाचीच हाय, त्याचा काय उपयोग.

२८ नोव्हेंबर, रविवार

उसण भरलेला माणूस आला. मानवतकडचा, कापसाचं गाठोडं उचलताना भरली. लांबून आलेला. मी म्हणलं आता बंद केलंय. का म्हणला. म्हणलं, बंद केलंय. माझा आवाज चढला. घरच्या पाठीला गुण येत न्हाई अन् मी बाहेरच्यांच्या पाठीवर पाय ठेवत बसू? लोकांना काय वाटत असंल, किंवा मलाच काय वाटतं.

तो भिंतीला धरून परत निघाला. सवी दारात उभी होती. म्हणली, "आप्पा, पाय द्या की. त्यांचं तर बरं होतंय ना."

पाय धुतले. दिला.

१३ डिसेंबर

पट्टा आला. कमरेला जाड प्लास्टिक, पुढं एक लोखंडी पट्टी, मागं दोन, वर गळ्याभोवती कडं, हनुवटीला टेकतं. मान खाली करता येत न्हाई. स्वतःचं ताट दिसत न्हाई, म्हणून डब्यावर डबा ठेवून त्यावर ताट. जिना उतरताना पायानं पायरी चाचपते. सवीच्या आईनं आतून जुन्या लुगड्याचा कपडा शिवून दिला तरी कमरेला घासतंच.

आरशात बघितलं तिनं. बराच वेळ. मला वाटलं रडंल. म्हणली, आता मान ताठ करून चालते असं कुणी म्हणू नये म्हणजे झालं. मी हसलो. हसायला नको होतं का? ती बी हसली. मंग जेवायला बसल्यावर ताट बाजूला सरकवून उठली.

२२ डिसेंबर

कंडक्टर विचारतो, शेजारचा प्रवासी विचारतो, वर्गातल्या पोरी कड्याला हात लावून बघतेत. सवी कुणाला भूकंपात लागलं म्हणून सांगते. हे ऐकून मला आधी राग आला. मंग समजलं, भूकंप म्हणलं की लोक हळहळतेत, पुढं विचारत न्हाईत. कारण असलेलं बरं असतं.

पावरहाऊसात वाघमारेनं आजपर्यंत एकदाबी कारण विचारलं न्हाई, सांगितलंबी न्हाई. नुसता म्हणतो, तारीख कवा हाय सांग, पाळी मी करतो. तेवढा एकच माणूस.

५ जानेवारी ९४

शाळेत पोचली की संडासात जाऊन पट्टा काढते अन् सुटताना घालते, असं कळलं. म्हणजे दिवसाचे निम्मे तास अंगावरच न्हाई. सवीची आई मारायला धावली. मी मधी पडलो. सवी म्हणली, काढल्यावर मला मी वाटते.

मी घालच म्हणलं. आवाजात दम नव्हता, तिला कळलं असंल. १७ तारखेला पुन्हा फोटो. मुंबईचे मोठे सर्जन त्या दिवशी औरंगाबादला येणार हायेत, महिन्यातून एकदाच येतेत. बाईंनी मुद्दाम त्या दिवशी बोलावलंय.

१४ जानेवारी

संक्रांत. अन् औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल झाला. वाघमारे पेढे घेऊन आला, डोळ्यात पाणी. म्हणला सोळा वर्षं झाली, माझा थोरला भाऊ ह्याच्यात घरदार सोडून परागंदा झाला होता. सवीच्या आईनं त्याला तिळगूळ दिला, आमी पेढा खाल्ला. कॉलनीत सगळ्यांनी घेतला न्हाई. दोघांनी दारं लावून घेतली. तो पुढच्या दारात गेला.

रेडिओवर ऐकलं, कुठं कुठं दगडफेक, एसट्या फोडल्या.

१७ जानेवारी

जिंतूरपर्यंत मालट्रकनं गेलो. स्टँडवर एकबी गाडी लागलेली न्हाई. औरंगाबाद बंद, परभणी बंद, कधी सुटंल सांगता येत न्हाई. पोरगी पट्ट्यात, ताठ, बाकड्यावर बसलेली. स्टँडवरनं पोलिसांची गाडी दोनदा फिरली. दुपारपर्यंत वाट बघितली. सर्जन आला असंल, बसला असंल, निघूनबी गेला असंल.

कुणावर चिडावं? ज्यांना आनंद झाला त्यांच्यावर चिडायचं काही कारण न्हाई. ज्यांनी काचा फोडल्या त्यांना सवी ठाऊक न्हाई. आधी जमीन हलली, आता हे. मधल्या मधी हाडं आपली वाढायलीत, त्यांना बंद न्हाई.

आज मी स्टँडवर मोठ्यानं ओरडलो. कुणावर न्हाई, नुसताच. सवी म्हणली, आप्पा, लोक बघायलेत. एवढे दिवस लोक तिच्याकडंच बघायलेत.

२४ जानेवारी

सवीला पाळी आली. तिची आई सांगायला आली तर मी म्हणलं, बरं झालं गं! ती बघतच राहिली. कुठला बाप असं बोलतो. पण बाई म्हणल्या होत्या की त्यानंतर वाढ हळूहळू कमी होत जाते. ह्या पाळीची मी वाट बघत बसंन असं कुणी सांगितलं असतं तर त्याला हाणलं असतं. आईनं सवीला ओवाळलं, गोड केलं. सवी लाजून आत बसली. मी दोन घास जास्त खाल्ले.

१ फेब्रुवारी

काल औरंगाबाद. सर्जन न्हाईत; सकाळी नवा फोटो काढला, बाईंनी रेघा मारून सर्जनला मुंबईला फोन लावून विचारलं.

सत्तेचाळीस अंश.

पट्ट्याच्या हाताबाहेर गेलं म्हणल्या. पाळी आली तरी अजून वर्ष-दीड वर्ष वाढ राहणार. ऑपरेशन मुंबईला. पाठ उघडून कण्याला लोखंडी सळई बसवायची, मणके एकमेकांत जोडून टाकायचे. शाळेची परीक्षा झाली की एप्रिलात. पण खाट धरायची तर आत्ताच होकार कळवायचा, १५ तारखेच्या आत.

बाईंनी सवीला वजन करायला बाहेर पाठवलं. आई तिच्याबरोबर गेली. मंग मला म्हणल्या, "एक गोष्ट तुम्हाला सांगणं भाग आहे. कण्याच्या आतून नस जाते. क्वचितच होतं, पण तिला धक्का लागला तर पाय जाऊ शकतात."

मी म्हणलं, कुणाचे?

असा प्रश्न विचारला मी. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. म्हणल्या, न केलं तर वाढत जाईल, आणि केलं तर बहुतेक मुली नीट चालत घरी जातात. मुलगी मोठी आहे, तिलाही समजावून सांगा. सवी परत आली, वजन वाढलं म्हणून सांगत.

गाडीत सवी माझ्याजवळ बसली. जालना गेल्यावर विचारायला लागली. न केलं तर मी मरन का? न्हाई. केलं तर सगळी सरळ होईन का? सगळी न्हाई, थोडी. मंग कशासाठी करायचं?

म्हणलं, हाय त्याच्याहून वाढू नये म्हणून.

"म्हणजे सरळ व्हायचं न्हाई. नुसतं थांबायचं."

व्हय म्हणलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. मंठा आलं तवा झोपली होती. पट्ट्यामुळं मान टेकवता येत न्हाई, बसल्या बसल्या ताठ झोपते.

४ फेब्रुवारी

रात्रपाळी. मशीनच्या आवाजात विचार बरा होतो असं वाटायचं. होत न्हाई. वाघमारेला सांगितलं. पायांचंबी सांगितलं. तो म्हणला, पोरीला सांगितलं का? न्हाई म्हणलं. तिच्या आईला? न्हाई. म्हणला, सांगावं लागंल गड्या. मला कळतंय की. कळून काय करू. सांगितलं अन् पोरगी न्हाई म्हणली तर ती वाकत जाणार. सांगितलं अन् व्हय म्हणली, अन् तसं झालं, तर तिनं स्वतःच व्हय म्हणलेलं असंल. न सांगता झालं तर मी जगू कसा.

मायला विचारावं तर ती देवऋषी बघंल. ह्या एका गोष्टीत मला कुणीच सांगू शकत न्हाई. पावरहाऊसातलं काम असतं तर साहेबांनी वरून हुकूम आणला असता.

८ फेब्रुवारी

सवीची आई विचारते, काय ठरवलं? बघू म्हणतो. काहीतरी लपवायलात, म्हणली. बायकोपासून लपत न्हाई काही. पण ती पुढं विचारत न्हाई. तिलाबी ऐकायचं न्हाई, असं मला वाटायलंय.

१० फेब्रुवारी

सकाळची गोष्ट. आज सुट्टी होती मला. सवी भाकर खात होती, पट्टा घातलेला, ताट डब्यावर. वर न बघता म्हणली, कारण वर किंवा खाली तिला बघताच येत न्हाई, समोर भिंतीकडं बघूनच म्हणली:

"आप्पा, थांबवा म्हणावं त्यांना."

तिच्या आईचा हात परातीत तसाच राहिला. मी विचारलं, नक्की का? म्हणली, हो. लोखंड बाहेरून घालण्यापेक्षा आत गेलेलं बरं, दिसणार तर न्हाई.

म्हणलं, सवे, अजून एक हाय त्यात. बाई मला म्हणल्या होत्या. ती हात धुवायला उठली होती. तिची आई माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात खाली वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

मी हाक मारली. "संध्याकाळी सांगा आप्पा, गाडी जाईल," म्हणली, दप्तर उचललं अन् पळाली. मी ओट्यावर आलो. पट्टा घालूनबी पळत होती, मान ताठ, खाली न बघता, सगळा उतार.